चॅनेल तुमचं, पण किल्ली कुणाकडे?

यंदाच्या संक्रांतीला आमच्या कऱ्हाडच्या घरी हळदीकुंकू होतं. पंचवीस-तीस जणी जमल्या होत्या. वाण लुटून झालं, तिळगूळ झाला आणि गप्पा रंगल्या. पूर्वी अशा वेळी भिशी, साड्या आणि मुलांचे मार्क एवढेच विषय असायचे. आता त्यांत एकाची भर पडली आहे. एकीनं शेजारच्या वहिनींना विचारलं,

"वहिनी, तुमच्या त्या गाजराच्या लोणच्याला किती व्ह्यूज झाले हो?"

या वहिनींचं यूट्यूबवर पाककृतींचं चॅनेल आहे. तीन वर्षांत दोनशेच्या वर पदार्थ करून दाखवलेत त्यांनी. आमच्या गल्लीत त्यांचा केवढा रुबाब! पण वहिनी हसल्या आणि म्हणाल्या, "मला कुठं बघता येतंय? ते सगळं पुतण्याच्या ईमेलवर आहे. तो पुण्याला नोकरीला गेला, त्याचा नंबर बदलला. आता आत जायला तो आकडा मागतात ना, तो जुन्या नंबरवर जातो. दोन महिने झाले, एकही व्हिडिओ टाकता आला नाही."

"आणि पैसे?" दुसरीनं विचारलं.

"पैसे यांच्या खात्यात येतात. सुरुवातीला पॅन कार्ड हाताशी होतं ते यांचंच."

"किती आले असतील हो आत्तापर्यंत?"

वहिनींनी पदर सावरला. "कोण जाणे! यांनाच विचारायला हवं."

क्षणभर कुणी काही बोललं नाही. ज्या बाईनं तीन वर्षं कढईसमोर उभं राहून, घाम पुसत, मीठ-मोहरीचं प्रमाण बोलून दाखवलं, तिला तिच्या कष्टाचे किती रुपये झाले हे ठाऊक नव्हतं! पुतण्या वाईट नव्हता, यजमानही वाईट नव्हते. कुणाच्या मनात कपट नव्हतं. तरीही दुकान वहिनींचं, किल्ली पुतण्याची आणि गल्ला यजमानांचा, अशी गत झाली होती.

हा लेख लिहायचं ठरलं ते त्या दिवशी. कारण त्या पंचवीस-तीस जणींत निदान सात-आठजणी "मीही चॅनेल काढणार" म्हणणाऱ्या होत्या. मैत्रिणींनो, जरूर काढा. पण काढण्याआधी चार गोष्टी बसून नीट समजून घ्या.

ही विद्या नवी नाही

स्वयंपाकघरातलं ज्ञान चारचौघींपुढे मांडायचं हे काही मोबाईलनं शिकवलेलं नाही. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० साली आलं. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० साली प्रसिद्ध झालं आणि कितीतरी नव्या नवऱ्यांच्या सामानात सासरी गेलं. कमलाबाईंची हुशारी कशात होती? तर त्यांनी वाटी आणि चमचा ही मापं धरली. अंदाजपंचे नाही, आणि तराजूही नाही. नव्यानं स्वयंपाकाला लागलेल्या मुलीच्या हाताशी जे होतं, तेच त्यांनी माप केलं. म्हणून ते पुस्तक टिकलं.

यात आपल्याला घेण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे, समोरची कुठं अडते ते ओळखून तिला हात देणं. दुसरी म्हणजे, त्या पुस्तकांवर त्या बायकांची स्वतःची नावं होती. व्हिडिओच्या धंद्यातही या दोनच गोष्टी शेवटी टिकवून धरतात. बाकी दिवे, कॅमेरे, झगमगाट, हे सारं नंतरचं.

पैसा येतो कुठून?

पुष्कळजणींची समजूत अशी, की व्हिडिओ टाकला की पैसे सुरू. तसं नाही. यूट्यूबवर जाहिरातींतला वाटा मिळायला आधी पात्र व्हावं लागतं. त्यासाठी १,००० सबस्क्राइबर हवेत आणि मागच्या बारा महिन्यांत लोकांनी तुमचे व्हिडिओ मिळून ४,००० तास पाहिलेले हवेत. नाहीतर नव्वद दिवसांत शॉर्ट्सना, म्हणजे त्या उभ्या छोट्या व्हिडिओंना, १ कोटी व्ह्यूज हवेत. ५०० सबस्क्राइबर आणि ३,००० तासांवरही आत एक पाऊल टाकता येतं. पण तेव्हा प्रेक्षकांनी खुशीनं दिलेले पैसे मिळतात, जाहिरातींचा वाटा नाही.

४,००० तास म्हणजे किती, हे आपण घरच्या हिशेबानं पाहू. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. तुमचा व्हिडिओ आठ मिनिटांचा, आणि बघणारी सरासरी चार मिनिटं थांबते असं धरा. म्हणजे वर्षभरात ६०,००० वेळा तो पाहिला जायला हवा. आठवड्याला दोन व्हिडिओ टाकले तर वर्षाचे झाले १०४. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ५७७ व्ह्यूज आले. हा आकडा डोंगराएवढा नाही, पण नातेवाइकांना "बघा हं" म्हणून फोन करूनही तो भरत नाही. अनोळखी बाईनं येऊन बघावं लागतं, आणि तिनं थांबावं लागतं. शॉर्ट्सच्या रांगेत पाहिलेली मिनिटं या तासांत धरत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

पात्र झाल्यावर लांब व्हिडिओंवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातले ५५ टक्के तुम्हाला मिळतात. शॉर्ट्सचा हिशेब वेगळा. तिथे तुमच्या वाट्याच्या रकमेतले ४५ टक्के. हे पैसे गूगलच्या 'ॲडसेन्स' खात्यात जमतात. तिथे १० डॉलर झाले की तुमच्या पत्त्यावर टपालानं एक कागद येतो. त्यावरचा आकडा भरून पत्ता खरा असल्याचं सिद्ध करायचं. आणि १०० डॉलर साठल्याशिवाय रक्कम बँकेत येत नाही. काहीजणींना तिथवर पोचायला वर्ष-दीड वर्ष लागतं. पी हळद नि हो गोरी असला हा प्रकार नाही.

म्हणूनच "पंधरा दिवसांत लाख रुपये मिळवा" म्हणणाऱ्या शिकवण्यांना दहा-पंधरा हजार भरू नका. विकत मिळणारे सबस्क्राइबर तर मुळीच घेऊ नका. ते नियमाविरुद्ध आहे, आणि असले सबस्क्राइबर तुमचा अनारसा बघायला येत नाहीत.

किल्ली आपल्या कमरेला

आता वहिनींच्या दुखण्याकडे वळू. चॅनेल उघडताना पुढल्या गोष्टी पहिल्याच दिवशी करा. नंतर फार उस्तवार होते.

ईमेल स्वतःच्या नावाचं काढा. मुलाचं नको, भाच्याचं नको, यजमानांचंही नको. त्याला जोडलेला मोबाईल नंबर तुमचा, आणि सहसा न बदलणारा हवा. पासवर्ड एका वहीत लिहून ती वही दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवा. आत जाण्यासाठी दुसरा पहारा, म्हणजे मोबाईलवर येणारा आकडा, जरूर लावा. आणि मोबाईल हरवला तर चालणारे राखीव आकडे गूगल देतं, ते कागदावर उतरवून ठेवा.

मुलं-पुतणे मदत करतात, करू द्यात. त्यासाठी पासवर्ड द्यायची गरज नसते. चॅनेलच्या व्यवस्थेत 'परवानग्या' अशी सोय आहे. तिथे मालकीण तुम्ही राहता आणि मदतनीसाला त्याच्या ईमेलवरून 'एडिटर' किंवा 'मॅनेजर' करता. तो व्हिडिओ कापेल, चढवेल. उद्या परगावी गेला तर त्याचं नाव काढून दुसऱ्याचं घालायचं. कामवाल्या मावशींना आपण स्वयंपाकघरात येऊ देतो, कपाटाची किल्ली देत नाही. त्यातलंच हे.

बँकेचं खातं आणि पॅन कार्डही स्वतःचंच हवं. ॲडसेन्स ज्या नावानं उघडाल त्याच नावाचं बँक खातं लागतं. पॅन कार्ड नसेल तर ते आधी काढा, मगच पुढचं. आणि हे खातं किराणा-दुधाच्या खात्यापासून वेगळं असू द्या. पैसे घरात खर्च करायला कुणाची ना नाही. आपण बायका तेच तर करत आलो. पण आधी 'माझे इतके आले' हे कळू दे, मग 'त्यातले इतके मी घराला दिले' हे म्हणता येतं. या दोन वाक्यांत फार मोठं अंतर आहे.

दुसऱ्याच्या जागेतलं दुकान

आणखी एक गोष्ट कडू आहे, पण सांगायलाच हवी. चॅनेल तुमच्या नावावर झालं तरी जागा तुमची नसते. बाजारात दुसऱ्याच्या ओट्यावर भाजी मांडून बसावं तसं ते आहे. ओटेवाल्यानं उद्या नियम बदलला तर?

२९ जून २०२० ची रात्र पुष्कळांना आठवत असेल. सरकारनं त्या दिवशी टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. का घातली, योग्य की अयोग्य, तो वेगळा विषय. पण खेड्यापाड्यांतल्या ज्या बायका-पोरांनी तिथे लाखो चाहते मिळवले होते, त्यांची ती कमाई एका रात्रीत थांबली. ज्यांनी आपले प्रेक्षक आधीच दुसऱ्या ठिकाणीही बांधून ठेवले होते, त्या सावरल्या. बाकीच्यांना पुन्हा शून्यापासून मांडावं लागलं.

दुसरं संकट चोरीचं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांचं 'आपली आजी' हे चॅनेल तुम्ही पाहिलं असेल. नातवाच्या मदतीनं, सत्तरीच्या आसपास, आजींनी ते २०२० साली नावारूपाला आणलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते हॅक झालं. सुदैवानं काही दिवसांत परत मिळालं. अशा चोऱ्यांची एक नेहमीची रीत आहे. मोठ्या कंपनीच्या नावानं ईमेल येतं, "आमच्या मिक्सरची जाहिरात करा, अटी सोबतच्या फाईलमध्ये आहेत." आनंदाच्या भरात आपण फाईल उघडतो आणि चोर आत शिरतो. तेव्हा अनोळखी फाईल उघडायची नाही. पत्र पाठवणाऱ्याचा पत्ता नीट वाचायचा, कंपनीच्या अधिकृत फोनवर विचारायचं आणि मगच पुढं जायचं.

मग उपाय काय? ओट्यावर जरूर बसा, पण घरी स्वतःची कोठी भरत राहा. प्रत्येक व्हिडिओची मूळ प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. प्रत्येक पाककृती प्रमाणासह वहीत लिहा. जाहिरातीच्या पैशांवरच सगळा भार टाकू नका. मे महिन्यात आठ मुलींचा रुखवताच्या पदार्थांचा वर्ग घ्या, ऑगस्टमध्ये उकडीच्या मोदकांचा. पन्नास पाककृती जमल्या की छोटी पुस्तिका काढा. शिकायला आलेल्यांचे फोन नंबर त्यांना विचारून वहीत नोंदवा. उद्या चॅनेल गेलं तरी ती वही जात नाही. 'मधुराज रेसिपी'मुळे घराघरांत माहीत झालेल्या मधुरा बाचल यांनीही नुसत्या व्हिडिओंवर न थांबता पुढे मसाले बाजारात आणले. मात्र तुम्ही मसाले, चटण्या विकणार असाल तर अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी आधी करून घ्या. घरगुती उद्योगालाही ती लागते.

काय दाखवावं?

"सगळं तर कुणीतरी दाखवलेलंच आहे हो," अशी तक्रार हमखास येते. खरं आहे. पोहे कसे करावेत हे दाखवणारे व्हिडिओ हजारो आहेत. पण 'पोहे गिचका का होतात?' याचं उत्तर तुमच्यापाशी असेल, तर ते शोधणारी बाई नक्की सापडेल.

अनारशांचं उदाहरण घ्या. दिवाळीच्या आधी रात्री अकरा वाजता एखादी नवी सून तुपाच्या कढईपुढे रडकुंडीला आलेली असते. अनारसा तुपात हसतोय, म्हणजे पसरून विरघळतोय. तिला तुमच्या आजीची आठवण, देवघराचं दर्शन आणि पाच मिनिटांची प्रस्तावना नको असते. तिला हवं असतं एक वाक्य: गूळ जास्त झालाय, थोडी तांदळाची पिठी मिसळ आणि एकच अनारसा टाकून बघ. हे तुम्ही पहिल्याच मिनिटात सांगितलंत, तर ती तुम्हाला जन्मभर विसरणार नाही. पुढच्या वर्षी चकलीच्या वेळी ती तुम्हालाच शोधत येईल. मोहन जास्त झालं की चकली तुटते, कमी झालं की कडक होते, हे तिला तुमच्याच तोंडून ऐकायचं असेल.

ज्या पदार्थात तुमचा हात बसलाय, तोच धरा. कुणी वाळवणात तरबेज असते, कुणी उपासाच्या पदार्थांत, तर कुणी डब्याच्या भाज्यांत. पहिल्या वर्षी एकच वाट चालावी. सणाचा पदार्थ सणाच्या दिवशी टाकून उपयोग नाही. फराळाचे व्हिडिओ तीन-चार आठवडे आधी, आणि वाळवणाचे ऊन तापायच्या आधी हवेत.

सामानाचं म्हणाल, तर पहिलं वर्षभर हातातला मोबाईल पुरे. त्याला एक स्टँड आणि पदराला लावायचा छोटा माईक घ्या, कारण चित्र थोडं अंधुक असलं तरी बाया चालवून घेतात, पण आवाज नीट आला नाही तर उठून जातात. खिडकीच्या उजेडात सकाळी चित्रण करा. पंखा बंद ठेवा, आणि शेजारच्या गॅसवर कुकर लावू नका. मापं तोंडानं सांगा, आणि व्हिडिओखाली लिहूनही ठेवा.

मागे सिनेमाचं गाणं लावायचा मोह आवरा. गाण्याच्या मालकानं हक्क सांगितला की त्या व्हिडिओचे पैसे त्याच्याकडे जाऊ शकतात. हक्कभंगाच्या रीतसर तक्रारींचे नव्वद दिवसांत तीन ठपके बसले तर चॅनेलच बंद होऊ शकतं. यूट्यूबच्या संग्रहात फुकट वापरायला संगीत आहे, ते घ्या. तसंच दुसरीच्या पुस्तकातलं वाचून दाखवू नका. पदार्थ कुणाच्या मालकीचा नसतो, पण लिहिलेले शब्द असतात. "ही आमच्या जाऊबाईंची रीत" असं म्हटल्यानं आपला मान कमी होत नाही, जाऊबाईंचा मात्र वाढतो!

विश्वास हीच पुंजी

नाव झालं की कंपन्या येतात. कुणी तेलाचा डबा पाठवतं, कुणी नॉनस्टिक तवा. "आमच्याबद्दल दोन शब्द बोला." बोलायला हरकत नाही. पण पैसे किंवा वस्तू घेऊन बोलत असाल, तर तसं स्पष्ट सांगणं बंधनकारक आहे. जाहिरात मानक परिषदेनं २०२१ साली याचे नियम केले आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्यानंही मार्गदर्शन जाहीर केलं. 'ही जाहिरात आहे' हे सहज दिसेल अशा जागी, आणि व्हिडिओच्याच भाषेत हवं. मराठी व्हिडिओखाली कोपऱ्यात बारीक इंग्रजी शब्द टाकून भागत नाही. फसव्या जाहिरातीबद्दल १० लाखांपर्यंत, आणि पुन्हा तोच गुन्हा केला तर ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

पण दंडाची भीती बाजूला ठेवा. तुमच्या सांगण्यावरून एखादी बाई तिच्या महिन्याच्या बाराशे-पंधराशे रुपयांचा तवा घेणार आहे. तो तवा तुम्ही महिनाभर वापरलाय का? वापरला नसेल तर "नाही" म्हणा. "या काढ्यानं मधुमेह जातो" असलं तर चुकूनही बोलू नका. कुणी गोळ्या सोडून काढा पीत बसलं तर त्याचं पाप कुणाला?

वस्तूंवरही कर असतो. एकाच कंपनीकडून वर्षात २०,००० रुपयांहून जास्त किमतीच्या भेटवस्तू आल्या, तर त्यावर १० टक्के कर आधीच कापण्याचा नियम जुलै २०२२ पासून आहे. व्हिडिओचं उत्पन्न हेही उत्पन्नच. विवरणपत्रात ते दाखवावं लागतं. वर्षाची उलाढाल २० लाखांकडे जाऊ लागली तर जीएसटीचाही प्रश्न येतो. तेव्हा वर्षातून एकदा सीएंकडे जाऊन या. आणि स्वतः जा, "यांना" पाठवू नका.

घरबसल्या म्हणजे बसून नव्हे

"घरबसल्या कमाई" हा शब्द मला मुळीच पसंत नाही. वहिनींचा एक दिवस मी पाहिला आहे. आठ मिनिटांच्या भरल्या वांग्यांसाठी त्या सकाळी बाजारात जाऊन एकसारखी वांगी निवडून आणतात. ओटा घासतात. वाटण करतात. एकेक कृती थांबून, पुन्हा दाखवून, मोबाईल हलवत चित्रण चालतं, त्यात दोन तास जातात. दुपारी सगळे झोपले की आवाज भरतात. संध्याकाळी कापाकापी. रात्री लोकांच्या प्रश्नांना उत्तरं. आणि मधे घरच्यांचं जेवण, चहा, पाहुणे हे आहेच!

हे जर आणखी एक काम म्हणून आपल्याच डोक्यावर चढलं, तर वर्षभरात पाठ धरते आणि उत्साह मावळतो. म्हणून चित्रणाचे दोन दिवस ठरवा आणि त्या दिवशी दुसरं कुणीतरी कुकर लावेल असं घरात सांगून टाका. सुरुवातीला कुरकुर होईल. एक आठवडा खिचडी खारट होईल. होऊ दे.

एकाच दिवशी तीन पदार्थ करून ठेवले की पुढचे दहा दिवस मोकळे मिळतात. लग्नकार्य, आजारपण यांसाठी पाच-सहा व्हिडिओ फडताळातल्या लोणच्यासारखे शिल्लक असू द्यावेत. मात्र सहा महिने काहीच टाकलं नाही तर यूट्यूब कमाईची सोय काढून घेऊ शकतं, एवढं लक्षात ठेवून विश्रांती घ्या.

वाईट बोलणारे भेटतातच. "काकू, आवाज केवढा बारीक," "साडी जुनी आहे." वाईट शब्द आपोआप अडवण्याची सोय चालू करा, उरलेल्यांना उत्तर देऊ नका. मुलांची शाळा, गणवेश, घराची पाटी हे चित्रात येऊ देऊ नका.

आणि हिशेबाची वही ठेवा. डाव्या पानावर खर्च लिहा: तेल, भाजी, गॅस, माईक. उजव्या पानावर जमा. एका महिन्यात दिवाळीमुळे पैसे भरपूर येतील, पुढच्यात निम्मे होतील. म्हणून बऱ्या महिन्यातला निदान तिसरा हिस्सा बाजूला टाकत जा. सहा महिन्यांचा खर्च निघेल एवढी शिल्लक होईपर्यंत हातची नोकरी, शिकवणी किंवा शिवणकाम सोडू नका. वर्षअखेर दोन्ही पानांची बेरीज मांडा. उजवं पान हलकं निघालं, तर हा आपला छंद आहे असं मोकळेपणानं मान्य करा. छंद असणं वाईट नाही. पण तो धंदा आहे असं समजून कर्ज काढून कॅमेरा घेणं वाईट.

आणि वहिनी?

गुढीपाडव्याला पुतण्या घरी आला. त्याचा जुना मोबाईल माळ्यावरच्या खोक्यात सापडला. तो चार्ज केला तर काय, चॅनेल त्यात उघडंच होतं! दोघांनी बसून आधी वहिनींच्या नावाचं नवं ईमेल काढलं आणि चॅनेलची मालकी त्यावर घेतली. पुतण्या आता 'एडिटर' आहे, पुण्याहून काम करतो आणि वहिनी त्याला दरमहा पैसे देतात. वहिनींचं पॅन कार्ड आलं, ॲडसेन्सही त्यांच्या नावाचं झालं.

यजमानांनी तीन वर्षांची पासबुकं काढली. दोघांनी रात्री जेवणं झाल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बेरीज केली. पैसे घरातच गेले होते: फ्रिजचा हप्ता, मुलीची फी, एकदा सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन. बेरीज झाल्यावर यजमान बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अगं, ऑपरेशन तर तूच केलंस की आईचं!"

"पैसे घरात गेले याचं मला कधीच वाईट वाटलं नसतं," वहिनी मला सांगत होत्या. "पण हे मला तेव्हाच कळलं असतं, तर दवाखान्यात मी जरा वेगळ्या तोऱ्यात बसले असते."

गेल्या महिन्यात आम्ही दोघी कृष्णाकाठी फिरायला गेलो होतो. त्यांच्या पर्समधला फोन वाजला. बँकेचा निरोप होता. त्यांनी चष्मा लावला, आकडा दोनदा वाचला आणि फोन आत ठेवला.

"किती आले हो?" मी विचारलंच.

वहिनी नुसत्या हसल्या. "ते माझं मला माहीत आहे."